सूचना : फळझाडांना पावसाळी खत

सभासदांनो, मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाले की लिंबू, आंबा, पेरू, चिकू यांना खत घालून घ्या. माती कोरडी असेल तर थांबा. कोरड्यात रासायनिक खत पडलं की मुळं करपतात.

खत बुंध्याशी ओतू नका (दरवर्षी सांगूनही तेच होतं). अन्न घेणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात, तिथे गोल पसरा. लिंबाची मुळं अगदी वरवर असतात, त्यामुळे कुदळ नको, खुरप्यानेच माती हलवा. मोठ्या झाडाला दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड. मोठ्या कुंडीतल्या लिंबाला दोन ओंजळी गांडूळखत आणि मूठभर पेंड पुरे. ताजं शेण नको.

लिंबाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर युरिया ओतून उपयोग नाही. ती बहुधा लोह किंवा जस्ताची कमतरता. सूक्ष्म अन्नद्रव्यं पाकिटावरच्या प्रमाणातच फवारा. जुनी पानं पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र (नायट्रोजन) कमी पडतंय.

आंब्याचं खत आत्ताच. दिवाळीनंतर नत्र दिलं तर मोहोराऐवजी पालवी फुटते.

शेणखताच्या गोण्या एकत्र मागवतोय, रविवारपर्यंत मागणी कळवा.