मक्यावरील बुरशी, परतीचा पाऊस आणि तपासणीचे धोरण : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

खरिपाचा मका काढणीला यावा आणि त्याच सुमारास परतीचा पाऊस रेंगाळावा, हे नाशिक, जळगाव, जालना, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यातील शेतकऱ्यांना नवीन नाही. भिजलेल्या दाण्याला ‘बुरशी लागली’ एवढे म्हणून आपण थांबतो. परंतु कणसावर एकाच वेळी अनेक बुरशी असतात आणि त्यांपैकी कोणती वरचढ ठरते, यावर दाण्यात कोणते विष तयार होईल हे अवलंबून असते. खरेदी व तपासणीच्या धोरणात या गोष्टीला स्थान मिळावे, अशी माझी विनंती आहे.

मुख्य स्पर्धक दोन आहेत. फ्युजॅरियम व्हर्टिसिलिऑइडिस ही बुरशी बियाण्यातून किंवा कणसाच्या केसांवाटे शिरते, अनेकदा काहीही लक्षण न दाखवता ताटात राहते आणि फ्युमोनिसिन नावाचे विष तयार करते. अस्परजिलस फ्लेव्हस मातीतून व काडीकचऱ्यातून वाऱ्यावर येते. तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते. दाण्यात भरपूर ओल असेल आणि तापमान २५ अंशांच्या आसपास असेल, तर फ्युजॅरियम आधीच जागा धरून बसते व अस्परजिलसला फारसा वाव मिळत नाही. दाणे भरताना पाण्याचा ताण पडला आणि पारा ३० अंशांच्या वर राहिला, की पारडे फिरते. लष्करी अळीने पोखरलेले कणीस मात्र दोघींनाही वाट मोकळी करून देते.

काढणीनंतरचा काळ मला अधिक चिंतेचा वाटतो. दाण्यातील ओलावा साधारण १८ ते २० टक्क्यांच्या खाली आला की फ्युजॅरियमची वाढ थांबते, पण अस्परजिलस त्याहून कोरड्या दाण्यातही तग धरते. म्हणजे अर्धवट वाळलेला मका ढगाळ, दमट हवेत ताडपत्रीखाली पडून राहिला, तर अस्परजिलसचा प्रतिस्पर्धी बाजूला होतो आणि तिला मोकळे रान मिळते. फ्युजॅरियमने आधी तयार केलेले विषही दाण्यातून जात नाही. एकाच पोत्यात दोन्ही विषे सापडू शकतात.

या दोन्हींची किंमत आपल्या शेजारी मोजली गेली आहे. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या भागांत अवर्षणानंतर ऐन काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला. तो मका खाल्लेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण अफ्लाटॉक्सिनच्या विषबाधेने दगावले. ती बहुतांशी गरीब आदिवासी कुटुंबे होती, ज्यांच्याकडे दुसरे धान्य नव्हते. १९९५ साली दख्खनच्या पठारावरील काही गावांत पावसात भिजलेली ज्वारी व मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले, तेव्हा दोषी फ्युमोनिसिन होते. पाऊस दोन्ही वेळी होता, विष मात्र वेगळे निघाले. म्हणून केवळ अफ्लाटॉक्सिनची चाचणी करून मालाला सुरक्षित ठरवणे पुरेसे नाही.

आता मका इथेनॉलकडेही मोठ्या प्रमाणावर वळला आहे. स्टार्च काढून घेतल्यावर उरणाऱ्या चोथ्यात ही विषे मूळ दाण्याच्या जवळपास तिप्पट प्रमाणात एकवटतात, आणि तो चोथा पशुखाद्यात जातो. गाईच्या पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिनचा काही अंश दुधात उतरतो, त्यामुळे हा प्रश्न लहान मुलांच्या पेल्यापर्यंत पोहोचतो.

आपल्या अधिकारात करता येण्यासारखे बरेच आहे. मक्याची आवक असलेल्या बाजार समित्यांत या हंगामाआधी यांत्रिक वाळवणी यंत्रे उभी राहावीत आणि लहान शेतकऱ्याला नाममात्र दरात ती वापरता यावीत, ही पहिली आणि सर्वांत निकडीची मागणी आहे. ओला माल म्हणून भाव पाडण्यापेक्षा तो वाळवून देणे सर्वांच्याच हिताचे आहे. तालुकानिहाय पाऊस व तापमानाच्या नोंदी कृषी विभागाकडे असतातच, त्यांवरून त्या वर्षी कोणत्या भागात कोणत्या विषाची तपासणी आधी करायची हे ठरवावे, आणि इथेनॉलच्या चोथ्याची प्रत्येक खेप दोन्ही विषांसाठी तपासावी. अमेरिका, नायजेरिया व केनियात अस्परजिलस बुरशीचेच, पण विष न बनवणारे स्थानिक वाण शेतात सोडून विषारी वाणांना हुसकावले जाते. आपल्या मातीतील असे वाण शोधण्याचे काम राज्यातील चारही कृषी विद्यापीठांकडे सोपवावे आणि त्यासाठी किमान पाच वर्षांचा निधी द्यावा, कारण एका हंगामाच्या हवामानावरून या स्पर्धेचा निकाल सांगता येत नाही.

आपला नम्र,
वनस्पतिरोगशास्त्राचा एक अभ्यासक