वही माझ्या हाती दिलीत, म्हणून

आदरणीय पाळकसाहेब,

सलाम.

हे पत्र फार आधी लिहायला हवं होतं. मध्ये एक वर्ष तर मी तुमच्यावर रुसून होते, त्याबद्दल पुढे लिहितेच.

तो रविवार तुम्हाला आठवत असेल. चर्चमधली उपासना सुटली आणि मी तुम्हाला वेस्ट्रीच्या, म्हणजे पाळकांच्या तयारीच्या खोलीच्या, दारातच अडवलं. आमच्या चाळीतल्या विधवा आजी तीन महिने अंथरुणाला खिळल्या होत्या आणि आपल्या चर्चच्या मंडळीतलं कुणी तिकडे फिरकलं नव्हतं. मी बरंच बोलले. आवाजही चढला असणार, कारण बाहेर चपला शोधणारी माणसं जागच्या जागी थांबली होती. तुम्ही ऐकून घेतलंत. मग कपाटातून दोनशे पानी वही काढलीत, पहिल्या ओळीत आजींचं नाव लिहिलंत, खाली आमच्या भागातल्या आणखी आठ घरांची नावं लिहिलीत आणि वही माझ्यापुढे धरलीत. "ही नऊ घरं आता तुमची."

मला वाटलं, घ्या, काम माझ्याच गळ्यात मारलं. घरी जाऊन यांना तसं म्हटलंही.

बुधवारच्या बायबल अभ्यासाला तुम्ही प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय घेतलात. यरुशलेमेत शिष्यांची संख्या वाढली तशी कुरकुर सुरू झाली, की ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं. प्रेषितांनी ना कुणाला दटावलं, ना स्वतः वाढायला उभे राहिले. लोकांनाच सांगितलं, तुमच्यातले सात जण निवडा. ती सात नावं तुम्ही फळ्यावर लिहिलीत, स्तेफनापासून नीकलावापर्यंत, आणि विचारलंत, "काय दिसतं?" कुणालाच काही दिसलं नाही. मग तुम्हीच म्हणालात, "सगळी नावं ग्रीक आहेत." ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांकडे वाटप गेलं. इतकी वर्षं हा अध्याय ऐकत आले होते, पण कधी लक्षात आलं नव्हतं. त्या रात्री वही उघडून मी आजींच्या नावापुढे तारीख टाकली.

आपल्या लोकांची सवय तुम्हाला ठाऊकच होती. निम्मी मंडळी नगर जिल्ह्यातून कारखान्यांच्या नोकऱ्यांसाठी आलेली. नेवासं, शेवगाव, राहुरी. गावाकडे दुखणं असो, सोयरीक असो की बांधाचं भांडण, "साहेब बघतील." आधी गोरे मिशनरी साहेब, मग आपले पाळक. खरं तर अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं 1831 मध्ये आणि 1854 मध्ये हरिपंत खिस्ती तिथल्या मंडळीचे पाळक झालेही होते. पण पाळक आपला झाला तरी सगळा भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवायची रीत काही गेली नाही. इथे शहरात सत्तर घरांमागे तुम्ही एकटे, सायकलवर. त्या पावसाळ्यात तुम्हाला कावीळ झाली तेव्हा एका रविवारी आम्ही अर्धा तास नुसते बसून राहिलो आणि घरी गेलो. प्रार्थना करायला कुणी उभं राहिलं नाही. मीही नाही.

बरे होऊन आलात आणि बायबलमधल्या मोशेच्या सासऱ्याची, यित्रोची, गोष्ट काढलीत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करणाऱ्या जावयाला यित्रोने सांगितलं, अशाने तूही थकशील आणि हे लोकही थकतील. दहा-दहांवर माणसं नेम. मग सत्तर घरांचे सात भाग झाले आणि प्रत्येक भागात घरसभा, म्हणजे कुणाच्या तरी घरी प्रार्थनेची बैठक, सुरू झाली. आमच्या घरसभेत ज्या बायकांना अक्षरओळख नव्हती त्यांना ना. वा. टिळकांची भजनं तोंडपाठ होती, त्यामुळे गाणं त्यांच्याकडे गेलं. ज्या मावशी चर्चमध्ये मागच्या बाकावर तोंड मिटून बसायच्या, त्या घरात सतरंजीवर बसल्या की चाल लावायच्या आणि आम्ही मागून म्हणायचो. शेजारच्या भाडेकरूंची मुलं दारात येऊन बसू लागली ती याच भजनांमुळे. मंडळी वाढली ती अशी. तुम्ही मोठे वक्ते होतात असं मी म्हणणार नाही. तुमचा उपदेश लांबायचा, रागावू नका.

दानाचे पैसे तुम्ही कधी मोजले नाहीत. टेबलावर दोन वेगवेगळ्या घरांतली दोन माणसं, दहा-दहा नाण्यांच्या चळती, वहीत दोघांच्या सह्या. तुम्ही तोवर बाहेर पायरीवर बसून मुलांशी गप्पा मारायचात. पुढे दुसऱ्या एका मंडळीत हिशेबावरून झालेली भांडणं पाहिली, तेव्हा त्या पायरीची किंमत कळली.

आता रुसव्याचं. तुमची बदली झाली आणि दोन वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. लग्न तुम्हीच लावायचं हे आम्ही धरूनच चाललो होतो. फोन केला तर तुम्ही म्हणालात, "तिथे तुमचे पाळक आहेत ना?" मी रडले, चिडले. तुम्ही आलात, तिसऱ्या बाकावर बसलात, पंगतीत जेवलात, पाकीट देऊन गेलात. नवे पाळक वयाने लहान, पहिलंच मोठं लग्न, शपथा म्हणताना त्यांचा आवाज कापत होता. त्यांनी एकदाच तुमच्याकडे पाहिलं आणि तुम्ही मान खाली घालून गीतपुस्तकाची पानं चाळत राहिलात. व्हिडिओत आहे ते. पुढे वर्षभर मी तुम्हाला फोन केला नाही.

गेल्या ईस्टरनंतर मी मंडळीचं खजिनदारपद सोडलं. एका तरुण मुलाकडे दिलं. तो सगळं कॉम्प्युटरवर करतो, महिनाअखेरचा ताळमेळ मोबाइलवर पाठवतो. परवा त्यात सव्वाशे रुपयांची चूक दिसली. फोन उचलला आणि परत ठेवला, तेव्हा तुमची खाली घातलेली मान आठवली. दुसऱ्या दिवशी त्याची त्यालाच चूक सापडली.

म्हणून आज लिहायला बसले. तुमचे मनापासून आभार.

चर्चच्या कापणीच्या सणाला या. लिलावात भोपळ्यावर बोली लावायला तुमच्यासारखं दुसरं कुणी नाही. आजी गेल्या, पण त्यांची नात आता घरसभा चालवते. तिची वही निराळी आहे, त्यात चौदा घरं आहेत.

तुमची,
मंडळीतली एक बहीण