मणक्यातील स्क्रूची नोंद रुग्णाच्या हाती द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंबे उतरवायचा हंगाम आला की रत्नागिरी-सिंधुदुर्गात झाडावरून पडून पाठीचा मणका मोडलेले रुग्ण येऊ लागतात. पुढे पोफळीवर सुपारीसाठी चढणारे आणि माडावरचे पाडेली यांचेही तेच होते. ऑपरेशननंतर घरच्यांना ‘मणक्यात रॉड टाकले’ एवढेच कळते आणि पुष्कळदा घरी नेलेल्या कागदावरही तेवढेच असते. स्क्रू किती, कोणत्या मणक्यांत, कोणत्या मापाचे, कोणत्या कंपनीचे, याचा पत्ता नसतो. ही नोंद प्रत्येक रुग्णाला लेखी मिळालीच पाहिजे, यासाठी हे पत्र.

उंचावरून टाचांवर किंवा बुडावर आपटलेल्याचा मणका बहुतेकदा छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात तिथे, म्हणजे छातीचा बारावा (डी-12) किंवा कमरेचा पहिला (एल-1) मोडतो. बरगड्यांनी जखडलेला ताठ भाग तिथे संपतो आणि वाकणारी कंबर सुरू होते, त्यामुळे सगळा मार त्याच जागी बसतो. मणका चिरडून हाडाचा तुकडा मागे सरकला की मज्जारज्जू दबतो. स्क्रू आणि रॉड मोडलेला भाग जागेवर धरून ठेवतात, पुढची इजा टाळतात आणि रुग्णाला लवकर बसवता येते. मज्जारज्जूला आधीच झालेली इजा ते भरून काढत नाहीत. हे ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांना स्पष्ट सांगायला हवे, कारण पाय हलतील याच आशेवर कित्येक घरे जमीन गहाण टाकतात.

प्रत्येक मणक्याला मागच्या अंगाने डावा-उजवा असे हाडाचे दोन देठ असतात. त्यांतूनच पेडिकल स्क्रू मणक्याच्या पोटात जातो. कमरेत साधारण 5.5 ते 7.5 मि.मी. जाडीचा आणि 40 ते 50 मि.मी. लांबीचा स्क्रू लागतो, छातीच्या मणक्यांत त्याहून बारीक आणि आखूड. मोडलेल्या मणक्याच्या वर दोन आणि खाली दोन असे किमान चार स्क्रू बसतात. खुद्द मोडक्या मणक्यात दोन घातले तर सहा, आणि पकड लांबवायची असेल तर आठ. दोन्ही बाजूंनी साधारण 5.5 मि.मी. जाडीचा एकेक रॉड स्क्रूंच्या डोक्यांत बसवून वरून आतल्या नटाने आवळतात.

रुग्णाला पालथे निजवताना छातीखाली आणि कमरेच्या हाडांखाली उशा देऊन पोट मोकळे ठेवावे लागते. पोट दबले तर मणक्याभोवतीच्या शिरा फुगतात आणि रक्त जास्त जाते. मग सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना वापरायच्या एक्स-रे यंत्रावर, मणके मोजून हवा तो मणका नक्की करायचा, देठात वाट करायची आणि गोल टोकाच्या तारेने त्या वाटेच्या चारही भिंती आणि तळ चाचपायचा. ही चाचपणी घाईत उरकण्याची गोष्ट नाही. आतली भिंत फुटली असेल तर स्क्रू मज्जारज्जूवर किंवा नसेवर जातो आणि तळ फुटला असेल तर पुढे मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. रॉडला बाक एकदाच, एकाच दिशेने द्यावा. वाकवून पुन्हा सरळ केलेला टायटॅनियमचा रॉड त्याच खाचेवर पुढे तुटतो. शेवटचे आवळणे ठरावीक जोराच्या पान्यानेच व्हावे. अंदाजाने आवळलेला नट सैल सुटतो. स्टीलचा स्क्रू आणि टायटॅनियमचा रॉड एकत्र वापरू नयेत, गंज धरतो.

आता सेटविषयी, म्हणजे स्क्रू, रॉड आणि ते बसवायच्या अवजारांच्या संचाविषयी. आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णालयांकडे स्वतःचा सेट नसतो. तो विक्रेत्याकडून कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईहून येतो. ट्रेमध्ये लागतात त्याच्या कितीतरी पट स्क्रू असतात. उरलेले परत जातात आणि पुढच्या ऑपरेशनला दुसऱ्या गावी. म्हणजे एखादा स्क्रू कुणाच्या अंगात जाण्याआधी अनेकदा धुतला, तापवला गेलेला असतो, आणि त्याच्या हलत्या डोक्याच्या फटीत रक्ताचा किंवा साबणाचा अंश राहू शकतो. म्हणून सेट आदल्या दिवशी हातात हवा. तो उघडून, ब्रशने घासून, वाळवून, बांधून ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) पूर्ण वेळ घालावा लागतो. पावसात घाट बंद पडला की सेट ऑपरेशनच्या सकाळी पोहोचतो आणि नेमके हेच उरकले जाते. रुग्णाची अवस्था थांबण्याजोगी असेल तर अशा वेळी ऑपरेशन एक दिवस पुढे ढकलणेच योग्य. धातूवर बसलेला जंतुसंसर्ग नुसत्या गोळ्यांनी सहसा जात नाही, जखम पुन्हा उघडून धुवावी लागते.

सीलबंद पाकिटातून आलेल्या स्क्रूबरोबर स्टिकर असतो, तो फाइलवर लागतो. ट्रेमधल्या स्क्रूला स्टिकर नसतो. त्यावर कोरलेला क्रमांक आत घालण्यापूर्वीच वाचून लिहून घ्यावा लागतो, नंतर तो दिसत नाही. क्रमांक नसेल तर निदान कंपनी आणि माप तरी लिहावे. याची खरी गरज वर्ष-दोन वर्षांनी कळते. स्क्रू सैल झाला, रॉड तुटला किंवा काढायची वेळ आली, तर कंपनीनुसार नटाची खाच वेगळी असू शकते. चुकीचा पाना लावला की खाच झिजते आणि तासाभराचे काम चार तासांवर जाते. एमआरआय काढायचा झाला तरी धातू कोणता हे तंत्रज्ञ विचारणारच. बागांमधले कित्येक नेपाळी कामगार पावसाआधी गावी परततात. तिथल्या डॉक्टरला हातातल्या कागदाखेरीज काय आधार?

सगळ्यात आधीची काळजी मात्र झाडाखालीच घ्यायची आहे. पडलेल्याला काखेत आणि पायाला धरून उचलू नये, बसवू नये, रिक्षात कोंबू नये. एकाने डोके धरावे, तिघांनी एका बाजूने अंग धरावे आणि डोके धरणाऱ्याच्या सांगण्यावरून एकदम कुशीवर वळवावे. पाचव्याने फळी सरकवावी. 108 ला फोन करताना ‘उंचावरून पडला आहे’ हे आवर्जून सांगावे. रुग्णालयात पोहोचताच मात्र फळी काढावी. पायांना संवेदना नसलेल्या रुग्णाला कठीण फळीवर काही तासांतच जखमा होतात.

घरी गेल्यावर कुशीवर वळूनच उठावे. मशेरी, तंबाखू, विडी पूर्ण बंद, कारण निकोटिनने हाड जुळायला वेळ लागतो, आणि हाड जुळले नाही तर सगळा भार धातूवर राहून तो थकतो व तुटतो. जखमेतून पाणी येऊ लागले, ताप आला, पाय नव्याने बधिर झाले किंवा लघवी अडली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हा शल्यचिकित्सकांना विनंती, की या नोंदीचा एक पानी नमुना ठरवून सरकारी आणि खासगी रुग्णालयांना द्यावा. त्यात ऑपरेशनची तारीख, मणक्यांची नावे, प्रत्येक स्क्रूची जाडी-लांबी, रॉडची जाडी, धातू, कंपनी, लॉट (उत्पादनाच्या खेपेचा) क्रमांक आणि शेवटच्या एक्स-रेची प्रत असावी. नमुना मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत भरावा आणि त्याशिवाय डिस्चार्ज देऊ नये.

आपले,
मणक्याच्या शस्त्रक्रिया विभागात काम करणारे डॉक्टर व परिचारिका, रत्नागिरी