आवारात पालापाचोळा जाळणे थांबवण्याबाबत, चौथे पत्र

माननीय अध्यक्ष,
सप्रेम नमस्कार.

पंपघरामागची माझी खताची दोन पिंपे आठ दिवसांत हलवावीत, अशी आपल्या सहीची नोटीस काल दाराखालून आत सरकवलेली मिळाली. पिंपांना वास येतो, ही तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांची तक्रार. याच शेजाऱ्यांबद्दल मी नोव्हेंबरपासून तीन पत्रे दिली, त्यांची पोचसुद्धा मिळाली नाही. त्यांच्या एका तोंडी तक्रारीवर मात्र चार दिवसांत नोटीस निघाली.

वास आला होता, हे मी नाकारत नाही. जानेवारीत पाच-सहा दिवस येत होता. पण तो का आला, हे समितीतल्या एकाने तरी येऊन विचारायला हवे होते. भाजीची देठे, पपईची साले यांत पाणी फार असते. एक भाग ओला कचरा घातला की वर दोन भाग सुकी पाने घालावी लागतात. पाने पाणी शोषतात, मध्ये हवा खेळती ठेवतात. पाने कमी पडली की कचरा दबतो, आत हवा जात नाही आणि तो आंबायला लागतो. नुस्त्याचा (मासळीचा) कचरा मी पिंपात कधीच घालत नाही, तेव्हा तो आरोप तरी कृपया पुन्हा करू नये.

आणि पाने कमी का पडली? आपल्या आवारात दोन जंगली बदाम, एक फणस आणि एक आंबा आहे. जानेवारीत बदामाची पाने लालभडक होऊन टोपलीटोपलीने गळतात. ती सगळी सफाईवाल्या बाईंकडून कुंपणाच्या कोपऱ्यात गोळा करवून, सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजायच्या सुमारास, हेच शेजारी पेटवतात. पाल्यात वेफर्सच्या पिशव्या आणि थर्माकोलही असते, मी स्वतः काठीने उकरून पाहिले आहे. थंडीत धूर वर जात नाही, तो पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांशी रेंगाळतो. माझ्या सासूबाईंना दमा आहे. त्या दिवसांत मी सकाळी दोरीवर कपडेही घालत नाही.

विचारल्यावर ते सांगतात, धुराने डास जातात, आंब्याला मोहोर धरतो. आमच्या घरी भाटात (नारळाच्या बागेत) पाला माडांच्या आळ्यात घालत. तो तिथेच कुजायचा आणि उन्हाळ्यात ओल धरून ठेवायचा. पाला जाळणे म्हणजे जुनी रीत, असे निदान मला तरी कोणी सांगू नये.

नियमांचे म्हणाल, तर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर मनाई केली आणि साध्या जाळण्यालाही ५,००० रुपये भरपाई ठरवली. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांत 'आपल्या आवाराबाहेर' जाळू नये असे शब्द होते, म्हणून आत चालते, असा अर्थ सचिवांनी मला जिन्यात ऐकवला. आवार त्या शेजाऱ्यांचे एकट्याचे नाही. मे २०१९ मध्ये मडगावच्या सोनसोडो कचराडेपोतला कचरा पेटला तेव्हा तो धूर किती दिवस धुमसत होता, हे आपण गोवेकरांनी पाहिले आहे.

मी कोणाला उपदेश करायला जात नाही. माझ्या घरात दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापत नाहीत, चिरटी पिशवीलाच लटकती राहते. सुटी झाली तर ती गटारातच जाते. पिशवी धुऊन, वाळवून मगच सुक्या कचऱ्यात. फिल्टरचे वाया जाणारे पाणी बादलीत धरून लादी पुसायला घेते. आणि इथे ओपा प्रकल्पाचे नळाचे पाणी आठवड्यातून दोनदा तरी टाकीवरून वाहून गटाराला मिळते, कारण पंप बंद करायला कोणाला आठवण राहत नाही. त्याबद्दलचे माझे पत्र गेल्या वर्षीच्या जूनचे आहे. जिन्यातले दिवे दिवसा जळतात, ते त्याआधीचे. चतुर्थीनंतर गणपतीवर बांधलेल्या माटोळीची कांगले (रानफळे) आणि नारळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फाटकापाशी टाकले गेले, ते मीच सोडवून वेगळे केले. तेव्हा कोणालाही वास आला नव्हता.

दुसऱ्या मजल्यावरची दोन्ही कुटुंबे धुराबद्दल माझ्याशी सहमत आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या ताई समोर बोलणार नाहीत, पण सकाळी त्यांच्या खिडक्या बंद असतात, त्या पाहाव्यात.

माझे मागणे मोठे नाही. नोटीस लेखी मागे घ्यावी. झाडलेला पाला गोणत्यांत भरून पंपघरामागे ठेवायला सफाईवाल्या बाईंना समितीने स्वतः सांगावे, शेजाऱ्यांमार्फत नको. गोणती मी देते. पाला मिळूनही पंधरा दिवसांनी वास राहिला, तर पिंपे मी माझ्या हाताने हलवीन. आणि पुन्हा काडी लागली, तर हे पत्र फोटोंसह नगरपालिकेत जाईल. शेजाऱ्यांना ते आजच कळवावे.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरील सभासद
फोंडा