यिर्मयाने घेतलेलं शेत

नाशिक,
रविवार, रात्री

प्रिय निलू,

सलाम. तुम्ही दोघं सुखरूप पोचलात हे पप्पांना आलेल्या मेसेजवरून कळलं. फोनवर आपण दोघी एकमेकींना वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून हे पत्र.

तू मूल नको म्हणालीस, त्याबद्दल मी यात काही लिहिणार नाही. तो तुमचा प्रश्न आहे असं पप्पा म्हणाले, आणि मला ते पटलंय. मला लिहायचंय ते त्या दिवशी उपासनेत आणि नंतर जेवताना जे झालं त्याबद्दल.

तू पाहुण्या प्रचारकांचा उपदेश अर्ध्यावर टाकून उठलीस. मागच्या बाकावरच्या बायका वळून बघत होत्या. मला लाज वाटली असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. पृथ्वी शेवटी जळूनच जायची आहे, झाडांची अन् नद्यांची काळजी विश्वासात नसलेल्या जगाच्या लोकांनी करावी, असं ते म्हणाले तेव्हा मीही मांडीवरचं बायबल मिटलं होतं. पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय त्यांनी 10 व्या वचनापर्यंत वाचला आणि थांबले. 13 व्या वचनात नव्या पृथ्वीची वाट पाहायला सांगितलंय, नीतिमत्त्व जिथे वस्तीला असेल अशा पृथ्वीची. आणि प्रकटीकरणाच्या 11 व्या अध्यायात तर पृथ्वीची नासाडी करणाऱ्यांचा देव नाश करील असं सरळ लिहिलंय. इतकी वर्षं उपदेश ऐकतेय, हे वचन व्यासपीठावरून मी ऐकलेलं नाही. त्याच पुस्तकाच्या शेवटी माणसं पृथ्वी सोडून वर जात नाहीत. नगरी खाली उतरते, तिच्यातून नदी वाहते आणि नदीच्या दोन्ही काठांवर जीवनाचं झाड असतं.

जेवताना तू त्या इतिहासकार लिन व्हाइटचं म्हणणं सांगितलंस. 1967 चा त्याचा लेख तू टेबलावर विसरून गेलीस (की मुद्दाम ठेवलास?), तो मी शब्दकोश घेऊन पुरा वाचला. निसर्ग माणसाच्या उपयोगासाठीच आहे, असं पश्चिमेकडच्या ख्रिस्ती विचाराने लोकांच्या मनात रुजवलं आणि आजच्या संकटाची मुळं तिथवर जातात, हा त्याचा आरोप. आरोप पोकळ नाही. आपल्यातल्या पुष्कळांनी तसंच मानलं आणि तसंच वागले. पण तोच माणूस लेखाच्या शेवटी असिसीच्या फ्रान्सिसकडे येतो आणि त्याला पर्यावरणाचा आश्रयदाता संत मानावं असं सुचवतो. 1979 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तसं जाहीरही केलं. म्हणजे औषधही त्याने आपल्याच घरात शोधलं, निलू. तू मात्र टेबलावर म्हणालीस, या घरात काही उरलेलं नाही.

‘फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा’ हे वचन तू मला ऐकवलंस आणि म्हणालीस, “आई, पृथ्वी भरली आता.” मी तेव्हा गप्प बसले. नंतर उत्पत्तीचा पहिला अध्याय पुन्हा काढला. हाच आशीर्वाद 22 व्या वचनात आधी माशांना आणि पाखरांना दिलेला आहे, माणसाला नंतर, 28 व्यात. आपल्या वाढण्याने त्यांचा आशीर्वाद हिरावला जात असेल तर आपण देवाच्याच शब्दाविरुद्ध वागतोय. हे मी तुझ्या बाजूने लिहितेय, लक्षात घे. आणि जलप्रलयानंतरचा करार एकट्या नोहाशी नव्हता, तारवातून बाहेर आलेल्या सगळ्या जिवांशी होता.

पण म्हणून मूलच नको, हे त्यातून कसं निघतं ते मला अजून समजत नाही. जाऊ दे. मी लिहिणार नाही म्हटलं होतं.

थोरल्या मामांचा फोन आला होता. द्राक्षांच्या गोडी छाटणीची तयारी चालू आहे, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्ट लावायला मजूर मिळत नाहीत म्हणत होते. मी त्यांना लेवीयच्या 25 व्या अध्यायाबद्दल विचारलं. सहा वर्षं द्राक्षमळ्याची छाटणी कर, सातव्या वर्षी करू नकोस, जमिनीला शब्बाथाचा विसावा दे. मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “ताई, बँकेला पण शब्बाथ पाळायला सांग.” आणि ते खरंच आहे. त्याच अध्यायात पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ घराकडे परत करायला सांगितलंय, आणि अनुवाद नावाच्या पुस्तकात सातव्या वर्षी कर्ज माफ करायला. देवाने मातीचा विसावा आणि माणसाची कर्जमुक्ती एकत्रच सांगितली. आपण मातीचं एकट्या शेतकऱ्याच्या गळ्यात घालतो आणि कर्जाचं विसरतो. त्याने मग फवारण्या वाढवल्या की त्यालाच दोष देतो. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपने आपली द्राक्षं नाकारली तेव्हा मामांच्या घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती. तू तेव्हा लहान नव्हतीस, तुला आठवत असेल.

2014 ची गारपीट तर आठवतेच. माल उतरायला आला होता. आपण पिंपळगावला गेलो तेव्हा मामी ओसरीवर बसून होती आणि मण्यांचा चिखल झाला होता. तू तारांखालून वाकून पार आतपर्यंत गेलीस आणि परत येऊन मला विचारलंस, “हे देवाने केलं की आपण?” मी तुला काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. तू पर्यावरण शिकायला गेलीस त्याचं मूळ त्या मळ्यात आहे असं मी बायकांच्या सभेत सगळ्यांना सांगत असते. तुला आवडत नाही, पण सांगते.

तशी तू त्याच्याही आधीपासून अशीच. कापणीच्या सणाच्या लिलावात कोणीतरी जिवंत कोंबडी दिली होती आणि तू रडून गोंधळ घातलास. पप्पांनी बोली वाढवत वाढवत भलत्याच किमतीला ती घेतली आणि ती कोंबडी आपल्या बाथरूममागे म्हातारी होऊन मेली. आजी म्हणायची, या पोरीच्या पदरात चार लेकरं असली तरी ही कोंबडीला आधी दाणे घालेल.

बघ, पुन्हा तिथेच आले.

तर मग स्पष्टच लिहिते. तुला मूल नको यापेक्षा तू ज्या आवाजात ते म्हणालीस त्याने माझी झोप गेली. “आता काही अर्थ नाही, आई.” तपोवनातली झाडं सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तोडायची म्हणून लोक उभे राहिले, तेव्हा तू पुण्याहून रात्रीच्या गाडीने आली होतीस. तुझ्याबरोबर वारकरी होते, कॉलेजची पोरं होती. तेव्हा तुझ्या आवाजात राग होता, आणि त्या रागाचा मला अभिमान होता. भीतीही होती, आपलं नाव विचारतील, काही बोलतील म्हणून, पण अभिमान जास्त. ते “अर्थ नाही” मात्र मला ऐकवलं नाही.

म्हणून मी यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतेय. 32 वा अध्याय. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलाय, यिर्मया पहाऱ्याच्या चौकात कैदेत आहे, शहर पडणार हे त्यानेच सांगितलंय. आणि चुलतभाऊ हानामेल त्याला अनाथोथचं शेत विकायला येतो. यिर्मया 17 शेकेल रुपे तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखतावर शिक्का मारतो आणि ते पुष्कळ दिवस टिकावं म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो. शत्रूच्या ताब्यात जाणारं शेत! कारण देव म्हणाला होता की या देशात घरं, शेतं आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील. तो वेड्या आशेने बोलत नव्हता. पुढे काय होणार हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, तुमच्या अहवालांइतकं ठाऊक होतं. तरी त्याने पैसे मोजले.

हे लिहून मी तुला जिंकले असं मला वाटलं होतं. मग सकाळी 16 वा अध्याय वाचला. याच यिर्मयाला देवाने सांगितलं होतं की या ठिकाणी बायको करू नकोस, तुला मुलगे-मुली होऊ नयेत. मी ते वचन तुझ्यापासून लपवू शकले असते. लपवत नाही. ज्याला लेकरू नव्हतं त्यानेच शेत घेतलं, आणि कोणाच्या लेकरांसाठी ते त्याला ठाऊकही नव्हतं.

तेव्हा तुम्ही ठरवाल ते ठरवा. मी रोज प्रार्थनेत मागणार, ते माझ्याने थांबणार नाही, पण तुला विचारणार नाही. तू एवढंच सांग की तू शेत घेणं सोडलेलं नाहीस. नदीचे नमुने घ्यायला जातेस ना अजून? आणि जेवतेस ना वेळेवर? आशिष म्हणत होता रात्री जागत बसतेस.

फार लांबलं आणि शेवटी उपदेशच झाला. माफ कर.

एक काम आहे. आपल्या पाळकसाहेबांनी पोप फ्रान्सिस यांचं 2015 चं सृष्टीबद्दलचं पत्र आपल्या बायबल अभ्यासात घेतलंय. काहींनी नाक मुरडलं, आपण प्रोटेस्टंट, पोपचं कशाला म्हणून. ते बधले नाहीत. कापणीच्या सणाच्या रविवारी लेवीय 25 वर तू बोलावंस असं त्यांनी स्वतः सुचवलं आहे. तू उठून गेलीस ते त्यांनी पाहिलं होतं. मामांनाही बोलवायचं म्हणतायत, कर्जाबद्दल ते बोलतील. गुरुवारपर्यंत त्यांना कळवायचंय. मला फोन नको करूस, थेट त्यांनाच कर.

सुनीता मावशी शनिवारी पुण्याला येतेय, तिच्याबरोबर बेदाणे आणि तुझं विसरलेलं स्वेटर पाठवते.

तुझी,
आई