रोबोटिक सर्जरीतला हेडसेट आणि टेबलाजवळची माणसं

संपादक साहेब, नमस्कार.

रोबोटिक सर्जरीत व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांसमोर थ्रीडी चित्र दाखवणारे डोक्याला बांधायचे गॉगल, येतायत हा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला. छान होता, पण सगळं कौतुक गॉगलचंच, टेबलाजवळ उभ्या माणसांचं नावसुद्धा नाही. मी अशा ऑपरेशनला असिस्ट करते, म्हणजे पेशंटशेजारी उभं राहून रोबोटची इन्स्ट्रुमेंटं बदलणं, सक्शन देणं, सुई आत-बाहेर करणं, म्हणून चार ओळी लिहितेय.

एक तर थ्रीडी काही आज आलेलं नाही. दा विंची या सर्जरीच्या रोबोटला अमेरिकेत २००० साली परवानगी मिळाली, तेव्हापासून सर्जन कन्सोलमध्ये, म्हणजे पेशंटपासून थोडं लांब बसून रोबोट चालवायच्या यंत्रात, डोकं घालून दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं बघतायत, दुर्बीणच तशी दुहेरी असते. आणि डोकं बाहेर काढलं की सेन्सरला कळतं, रोबोटचे हात जागच्या जागी लॉक! हेडसेट तर डोक्यालाच बांधलेला, मग सर्जनने मान वळवून भूलतज्ज्ञांशी बोलायला सुरुवात केली तर मशीनला कसं कळणार की आता त्यांचं लक्ष आत नाहीये? हे लेखात विचारायला हवं होतं.

आमच्यासमोर बऱ्याचदा साधा सपाट मॉनिटर असतो. सुई टिश्यूच्या पुढे आहे की मागे हे सर्जनना दिसतं, आम्ही अंदाज बांधतो. काही कंपन्यांनी उघडा कन्सोल काढलाय, मोठा स्क्रीन आणि थ्रीडी चष्मा, त्यात सर्जनना पुढे-मागेचं अंतरही दिसतं आणि आमचे चेहरेही, मला तरी तेच जास्त पटतं.

हेडसेटने गरगरण्याचा प्रश्न वेगळाच. मान हलली आणि चित्र मागून आलं की तोल सांभाळणारा आतला कान एक सांगतो, डोळे दुसरंच. गेम खेळताना हेडसेट काढून ठेवता येतो हो, पण किडनीचा ट्युमर काढताना रक्तवाहिनी क्लँप केलेली, म्हणजे चिमट्याने बंद केलेली असते तेव्हा एकेक मिनिट मोजत असतो आम्ही, तिथे कुठला ब्रेक घेणार?

आणि ते सीटी स्कॅनवरून ट्युमर रंगवून लाइव्ह चित्रावर दाखवणं. मणक्यात ठीक आहे, हाड फारसं हलत नाही. पण लिव्हर श्वासागणिक सरकतं, सर्जननी बाजूने मोकळं केलं की आकारही बदलतो, आणि स्क्रीनवरची रंगीत बॉर्डर मात्र ऑपरेशनच्या आधीच्या स्कॅनची. ती जितकी सुबक दिसेल तितकी मला जास्त भीती वाटते, कारण हाताला खात्री करून घ्यायला स्पर्श नसतो. फोर्स फीडबॅक, म्हणजे टिश्यूवरचा ताण-दाब सर्जनच्या हाताला जाणवण्याची सोय, असलेल्या दा विंची ५ ला परवानगी मिळाली ती २०२४ मध्ये, बाकी बहुतेक ठिकाणी अजून दोरा किती ताणलाय, टिश्यू पांढरं पडतंय का हे डोळ्यांनीच ओळखायचं.

पुढच्या वेळी कंपनीवाल्यांची मुलाखत घ्याल तेव्हा एवढं विचारा, मध्येच हेडसेट बंद पडला तर पुढच्या अर्ध्या मिनिटात कोणी काय करायचं, आणि ते आम्हाला शिकवणार कोण?

आपली,
एक ओटी असिस्टंट