देशावर जाणाऱ्या चेहऱ्याला दमट हवेचं फेशियल नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लग्नसराई सुरू झाली की किनारपट्टीवरच्या पार्लरांत दोन तऱ्हेच्या गिऱ्हाइकांची गर्दी होते. एक, लग्न होऊन सोलापूर, बीड, जालन्याकडे निघालेल्या मुली. दुसऱ्या, आखाती देशांतून सुट्टीवर आलेल्या बायका. यांतल्या पुष्कळजणींची त्वचा मिश्र असते, म्हणजे कपाळ, नाक, हनुवटी तेलकट आणि गाल कोरडे. त्यांना मिळणारं फेशियल मात्र आपल्या घामट हवेचा हिशेब धरून बसवलेलं असतं: भरपूर स्टीम, दाणेदार स्क्रब, कडक वाळणारा पॅक. आठ-दहा दिवसांत गालांचे पापुद्रे निघू लागले की दोष किटला नाहीतर सासरच्या पाण्याला दिला जातो. खरी गफलत बहुतेक वेळा टप्प्यांत असते.

त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातलं पाणी सतत हवेत उडत असतं. हवा जितकी कोरडी तितकं ते जास्त उडतं. तेलाच्या ग्रंथी मात्र आपलं काम चालूच ठेवतात, म्हणून नाक चकाकतं आणि गाल ओढल्यासारखे होतात, एकाच चेहऱ्यावर, एकाच वेळी. कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 80-90 टक्क्यांवर असते, त्यामुळे जरा जास्त घासलं तरी इथला चेहरा ते खपवून घेतो. देशावरच्या मार्चात किंवा रियाधच्या एसी खोलीत खपवून घेत नाही. विमानाच्या केबिनमध्ये तर आर्द्रता 20 टक्क्यांच्याही खाली असते. आणि आपल्याकडेही पहाटेचा मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, हिवाळ्यात कोरडाच असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्रावरून येणारे दमट खारे वारे उशिरा सुटले की त्या दिवसांत इथल्या बायकांनाही खालचं सगळं लागू पडतं.

आधी चेहरा बघावा. चेहरा धुऊन, काही न लावता अर्धा तास जाऊ द्यावा आणि मग कपाळ, नाक, हनुवटी व दोन्ही गालांवर टिश्यूचा वेगवेगळा तुकडा दाबावा. कुठे डाग उमटतो ते लगेच कळतं. नंतर खिडकीच्या आडव्या उजेडात गाल बोटाने हलकेच वर ढकलावा. कागद चुरगळल्यासारख्या बारीक समांतर रेषा उठल्या तर तिथे पाण्याची कमतरता आहे, मग वरून तो गाल तेलकट का दिसेना. मुरुमांवरची अॅडापलीन किंवा ट्रेटिनॉइनची क्रीम चालू असेल तर फेशियलच्या निदान पाच ते सात दिवस आधी थांबवलेली असावी. ‘गोरं करणारी’ ट्यूब महिनोन्‌महिने चोळलेली असेल, गाल लाल आणि पातळ दिसत असतील, तर त्यात स्टेरॉइड असण्याचा संभव मोठा. त्या दिवशी फेशियल करूच नये, त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावं. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

क्लीन्झिंग दोन वेगळ्या वस्तूंनी: गालांवर क्लीन्झिंग मिल्क, टी-झोनवर, म्हणजे कपाळ, नाक, हनुवटीवर, फेस न होणारं सौम्य जेल. साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) 9-10 च्या घरात, म्हणजे अल्कली, त्वचेचा साधारण 5, म्हणजे किंचित आम्ल. म्हणून साबण नको.

सगळ्यात जास्त नुकसान स्टीमर करतो, कारण तो लावून दुसरं काम उरकता येतं. मिश्र त्वचा कोरड्या हवेत राहणार असेल तर तीन ते चार मिनिटं पुरे, नळी चेहऱ्यापासून दीड फुटावर. गालांवर आधी क्रीमचा पातळ हात आणि त्यावर ओला कापूस, म्हणजे वाफ लागते ती नाक-हनुवटीलाच. ओझोनचं बटण बंद. स्टीमरमध्ये डिस्टिल्ड पाणीच घालावं. बोअरचं पाणी घातलं की कॉइलवर क्षार बसतात आणि स्टीमर वाफेबरोबर उकळत्या पाण्याचे थेंब थुंकतो. पाणी खुणेच्या वर भरलं तरी तेच. गालावर भाजल्याचे बारीक गोल डाग पडतात, ते असेच. म्हणून मशीन सुरू करताना नळी भिंतीकडे असावी, वाफ एकसारखी आली की मगच चेहऱ्याकडे वळवावी.

स्क्रबबद्दल आमचं मत कडक आहे. अक्रोडाच्या सालीच्या दाण्यांना धार असते, ते गालांवर फिरवूच नयेत. टी-झोनवर बारीक, गोल दाण्याचं स्क्रब एक मिनिट, बोटाच्या वजनाने. गालांवर 5 टक्के लॅक्टिक अॅसिड दोन-तीन मिनिटं किंवा पपईच्या एन्झाइमची पूड. 1 ते 2 टक्के सॅलिसिलिक अॅसिड फक्त नाक-हनुवटीवर. ज्या जागी स्क्रब केलं तिथे त्याच दिवशी अॅसिड नाही, यातलं एकच. ‘फुल पॅकेज’च्या नावाखाली दोन्ही केलं की चेहरा संध्याकाळपर्यंत काचेसारखा चकाकतो, गिऱ्हाईक खूश होतं आणि तिसऱ्या दिवशी आंघोळीचं पाणीही झोंबू लागतं.

नाकावरचे करडे ठिपके सगळे ब्लॅकहेड्स नसतात. बरेचसे तेलाच्या नळीतले नैसर्गिक धागे असतात, काढले तरी काही आठवड्यांत पुन्हा भरतात. एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे ब्लॅकहेड्स काढायच्या दांडीची, कडी ठिपक्याभोवती ठेवून दोनदा दाबावं, नाही आलं तर सोडून द्यावं. एकूण पाच-सात मिनिटं. एक्स्ट्रॅक्टर आधी साबणाच्या पाण्याने घासून मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं बुडवलेला हवा. अँटिसेप्टिकच्या कापसाने नुसता पुसणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे.

मसाज दहा मिनिटं, गालांवर क्रीम, टी-झोनवर जेल. त्यात फारसं काही बिघडत नाही.

पॅकमध्ये बिघडतं. मुलतानी माती फक्त टी-झोनला: एक चहाचा चमचा माती, पातळ लेप होईल इतकं गुलाबपाणी, सहा ते आठ मिनिटं. कडा फिक्या पडू लागल्या की ओल्या स्पंजने काढावी. तडे जाईपर्यंत थांबलं तर माती तेलाबरोबर पाणीही ओढून घेते. गालांवर अल्जिनेटचा रबरासारखा जमणारा मास्क चांगला. सर्वसाधारण प्रमाण 30 ग्रॅम पुडीला 90 मिली थंड पाणी. पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळावं. पाणी कोमट असलं तर वाटीतच घट्ट होतं. अर्ध्या मिनिटात ढवळून तीन-चार मिलीमीटर जाड थर द्यावा, कडेलाही तेवढाच. कडेला पातळ राहिला की तिथे वाळून चिकटतो आणि काढताना लव उपटतो. भुवयांना आधी व्हॅसलीन, पंधरा मिनिटांनी एका तुकड्यात काढायचा. ओढून काढायचे पारदर्शक पील-ऑफ पॅक कोरड्या गालांना अजिबात नकोत.

शेवटचा हात ओल्या चेहऱ्यावरच. हायलुरॉनिक किंवा ग्लिसरीनचं सीरम लावून मिनिटाच्या आत वर क्रीम हवं. नुसतं, पाणी न मिसळलेलं ग्लिसरीन कोरड्या हवेत त्वचेतलंच पाणी ओढतं. त्यात लिंबू पिळण्याची सवय तर सोडाच. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की काळे चट्टे उठतात. या जागी आपल्या घरचं मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, उत्तम. 40 अंशांच्या आसपास वितळत असल्यामुळे थंडीत ते दगडासारखं असतं. मुगाच्या दाण्याएवढं घेऊन तळहातावर चोळून पातळ करावं आणि ओल्या गालांवर नुसतं दाबावं. ते नाकावर नको, आणि खोबरेल तर टी-झोनवर मुळीच नको, छिद्रं बुजतात.

आता तारखांचं. गावातून एसटीने आलेल्या मुलीला ब्लीच, थ्रेडिंग, फेशियल सगळं एका फेरीत उरकायचं असतं, आणि पार्लरवालीलाही ते सोयीचं. तिची अडचण खरी आहे, पण ब्लीचमधल्या अमोनिया-पेरॉक्साइडवर लॅक्टिक अॅसिड म्हणजे भाजण्याला आमंत्रण. एकच फेरी शक्य असेल तर ब्लीच गाळावं, थ्रेडिंग करावं आणि फेशियलमधून अॅसिड, स्क्रब दोन्ही काढून टाकावं. पहिलं फेशियल लग्नाच्या महिना-दीड महिना आधी, शेवटचं हळदीच्या चार-पाच दिवस आधी. ताज्या सोललेल्या त्वचेला हळद चांगलीच झोंबते. नवीन वस्तू वापरायची तर कानामागे लावून 24 ते 48 तास बघावं. पुढे कोरड्या हवेत पाच-सहा आठवड्यांतून एकदा पुरे.

आखातातून येणाऱ्यांचं उलट होतं. तिकडचं जाड क्रीम इथे आल्यावरही तसंच थापलं की घामाने छिद्रं बंद होऊन कपाळावर पुरळ येतो. सुट्टीभर टी-झोनला जेल चालतं, जाड क्रीम परतीच्या बॅगेत ठेवावं. फेशियल सुट्टीच्या सुरुवातीला, विमानाच्या आदल्या दिवशी नव्हे.

सासरी जाणाऱ्या मुलीला एक गोष्ट पार्लरमधूनच सांगून पाठवावी. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ, साबण लगेच फेसाळतो आणि निघूनही जातो. देशावर बोअरचं पाणी जड असलं तर साबणाचा थर चेहऱ्यावर बसतो आणि तो काढायला ती आणखी घासते. साबणाऐवजी सौम्य फेसवॉश, तोही रात्री एकदाच. सकाळी साधं पाणी, ओलसर चेहऱ्यावर क्रीम, आणि त्यावर एसपीएफ 30 च्या वरचं सनस्क्रीन, दोन बोटांवर लांबीभर रेघ ओढून येईल इतकं.

आपल्या,
ब्यूटी पार्लर आणि प्रशिक्षणवर्ग चालवणाऱ्या काहीजणी,
रत्नागिरी